डोळे मिटून, डाव्या हाताने

आमच्या होडीचे किस्से मी मुद्दाम कधी जमवले नाहीत. उल्हास नदीत पुलाच्या खांबाला कचरा अडकत राहतो ना, तसे ते अडकत गेले. रविवारी सकाळी चौघं होडीत बसायचो, दुपारी घरी जायचो, आणि मधल्या वेळात काहीतरी होणारच! सोमवारी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी तोंड उघडलं की पोरं डबा तसाच ठेवून ऐकतात. "पक्या, अजून एक!" म्हणतात.

पण हल्ली सांगताना मजा येत नाही. शप्पथ सांगतो. होडीत आता आम्ही तिघंच असतो. मागच्या फळीवरची हिराजी काकांची जागा रिकामी असते. काका आहेत, ठणठणीत नसले तरी आहेत. समोर काठावर बसलेले दिसतात. पण होडीत येत नाहीत, आणि त्यात माझाही हात आहे.

आधी माणसं सांगतो. हिराजी काका बदलापूरचेच, जुने. शेती गेली, तिच्यावर टॉवर उभे राहिले, पण होडी त्यांनी विकली नाही. मी त्यांच्या शेजारच्या आळीतला, अंबरनाथला कंपनीत फिटर. मिलिंद माझ्याच कंपनीत क्वालिटीला. तो स्वतःच्या बायकोने केलेल्या चपातीचाही व्यास बघतो. आणि तिसरा लच्छू, उल्हासनगरचा सिंधी, भंगाराचा धंदा. मासे खायचे म्हणून आला आणि मासे पकडायला राहिला.

*

काकांचा एकच नियम होता. तो कळायला साखळी कळली पाहिजे.

होडी प्रवाहाबरोबर खाली जाते. जोरात गेली तर जाळं धड पडत नाही. म्हणून होडीच्या मागून दोरीला एक जड साखळी सोडायची. ती तळावरून घसटत येते आणि होडीला धरून ठेवते. काम निवांत होतं. पण तीच साखळी खाली कशात अडकली, की होडी जागच्या जागी खिळते. पाणी काय थांबत नाही! मागची बाजू खाली दबते, पाणी आत येतं, आणि "अरे अरे" म्हणेपर्यंत खेळ संपतो.

म्हणून ती दोरी होडीला बांधताना गाठ अशी मारायची की मोकळं टोक एकदा ओढलं की सुटली पाहिजे. आणि काठ सोडायच्या आधी होडीतल्या प्रत्येकाने ती सोडून दाखवायची. डोळे मिटून. डाव्या हाताने. एका ओढीत. नाही सुटली तर त्या दिवशी तो माणूस काठावर.

पहिल्या रविवारी लच्छूची सुटली नाही. त्याने घरून दाल-पकवान आणलं होतं, चौघांना पुरेल एवढं. तो हसत म्हणाला, "काका, मेरेको ले चलो यार, मी कोपऱ्यात बसतो. हातच नाय लावणार!"

काकांनी त्याच्या हातातला डबा घेतला, होडीत ठेवला आणि म्हणाले, "जेवन येल. तू नाय."

आणि खरंच त्याला काठावर सोडून आम्ही गेलो! परत आलो तेव्हा लच्छू खुंट्याला दोरी बांधून गाठ सोडत बसला होता. बोटं सोललेली. डब्यात त्याच्यासाठी आम्ही एक पकवान ठेवलं होतं, तेही मऊ पडलेलं.

*

पुढच्या वेळी लच्छूने लाज भरून काढायची ठरवली. दुकानातून नवीकोरी साखळी घेऊन आला. चकचकीत! टोकाला हा एवढा हूक. काठावर आपटून म्हणाला, "साईं, हत्ती बांधा हत्ती! तुटली तर माझं नाव बदला."

काकांनी साखळी हातात घेऊन कडी कडी चाचपली. म्हणाले, "तुटत नाय, त्याचीच तर भीती हाय रे."

लच्छूचं तोंड एवढंसं झालं. काकांनी हूक कापायला लावला. साखळी निम्मी केली. मग जुन्या मोटरसायकलच्या रबरी ट्यूबमध्ये ती घातली आणि दोन्ही तोंडं बांधून टाकली. ट्यूबमुळे साखळी दगडाच्या फटीत शिरत नाही, वरून घसरते. आवाजही करत नाही. दोरीच्या मोकळ्या टोकाला तेलाचा रिकामा पाच लिटरचा डबा बांधला. गाठ सोडली की डबा तरंगतो, मग साखळी नंतर शोधता येते.

तयार झालेली ती काळी वस्तू बघून लच्छू हळूच मला म्हणाला, "इतनी अच्छी चीज लाया था, बुढ्ढ्याने उसका साप बना दिया."

काकांना ऐकू गेलं. म्हणाले, "साप बरा. तो सोडतो तरी."

*

मिलिंदचा किस्सा कंपनीत सगळ्यात जास्त चालतो. क्वालिटीचा माणूस! एका रविवारी चेकलिस्ट टाईप करून, लॅमिनेशन करून घेऊन आला. साखळी होडीच्या बरोबर मध्यावर मागे आहे का, बाजूला नाही ना. दोरी कुणाच्या पायाखाली नाही ना. हाताला गुंडाळलेली नाही ना. चाकू आहे का. असे सात मुद्दे, पुढे बरोबरच्या खुणेसाठी चौकोन.

काकांनी चष्मा लावला. सातही मुद्दे बोट ठेवून वाचले. आम्हाला वाटलं शाबासकी देतील.

"चाकू कुटं हाय?"

मिलिंदने सॅक उघडली. टॉवेल, पाण्याची बाटली, छत्री, बिस्किटं, वर्तमानपत्र, आणि सगळ्याखाली, खोक्यात, पॅकिंगसकट चाकू!

काका म्हणाले, "बुडायच्या आदी खोका फोडायला कातर पन आन."

आम्ही पोट धरून हसलो. मिलिंदपण हसला. मग काकांनी त्याच्या खिशातलं पेन काढलं आणि लॅमिनेशनवर आठवा मुद्दा लिहायला लागले. शाई धरेना. घासून घासून एवढंच उमटलं: 'गाठ कोनी मारली.'

मिलिंद म्हणाला, "त्याने काय फरक पडतो काका? सुटली म्हणजे झालं."

"पडतो," काका म्हणाले. "नंतर लय पडतो."

*

ही पुढची गोष्ट मी कंपनीत सांगत नाही.

काकांना एक धाकटा भाऊ होता, नामा. दोघं याच नदीवर वाढलेले. तरुणपणी दोघं एका होडीत असायचे. एकदा साखळी बांधताना नामा म्हणाला, "दादा, एका ओढीची नको, ढिली पडते. पक्की मार." काकांनी पक्की मारली. हाताला जोर होता, वर आणखी एक फेर घेतला.

खाली धारेत साखळी अडकली. होडी मागून दबली. नामा मागेच उभा होता, जाळ्यात पाय अडकून पाण्यात पडला. काका गाठीशी होते. गाठ त्यांची, त्यांच्याच हातची, आणि त्यांना ती सुटेना.

हे त्यांनी आम्हाला चहा पिताना सांगितलं. कप खाली ठेवला नाही, रडले नाहीत, काही नाही. म्हणाले, "डोले उगडे व्हते ना, म्हनून सुटली नाय. मी नामाकडं बगत व्हतो. मग हातांकडं कोन बगनार? मिटले असते तर सुटली असती."

लच्छू दिवसभर बडबड करणारा माणूस. तो उठला आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला.

मला त्यांना सांगायचं होतं की काका, पक्की गाठ डोळे मिटूनही सुटत नाही. मी फिटर आहे, मला गाठी कळतात. पण जो माणूस इतकी वर्षं तेवढ्या एका गोष्टीवर जगला, त्याला हे कोण सांगणार? तेव्हापासून डोळे मिटायचा नियम का आहे, हे कुणी विचारलं नाही.

*

मागच्या वर्षी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. तोंड सावरलं, पाय सावरला, डावा हात राहिला. बोटं हलतात, पण धरत नाहीत. चहाचा कपसुद्धा उजव्याच हाताने.

तीन महिन्यांनी रविवारी पहाटेच येऊन होडीपाशी बसले. सुनेने दोनदा फोन केला, उचलला नाही. आम्ही आलो तर म्हणाले, "चला, नंबर लावा. गाठ सोडा."

आमची तिघांची सुटली. मग काका पुढे झाले. मी दुसरीकडे बघायला लागलो.

मिलिंदने आधीच विचार करून ठेवलेला. म्हणाला, "काका, आपण नियमात सुधारणा करू. कोणताही एक हात. उजवा चालेल."

"उजव्या हातात वल्लं असतं," काका म्हणाले. "वल्लं टाकून गाठ सोडनार? मग दोनदा मरशील!"

डोळे मिटले. डावा हात दोरीवर ठेवला. ओढली.

आणि सुटली!

लच्छूने शिट्टी मारली. मिलिंदने टाळ्या वाजवल्या. काकांनी डोळे उघडून स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि इतके खूश झाले, इतके खूश झाले की मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

कारण गाठ मी मारली होती. मारली कसली, नुसती अडकवली होती. फुंकर मारली तरी सुटली असती.

काकांसमोर परतही तशीच अडकवली, नाहीतर फरक दिसला असता. वाटलं, काठ सोडला की हळूच नीट बांधू. पण काका मागच्या फळीवर, आपल्या जागेवर, गाठीला पाठ लावून बसले. सगळ्या नदीला सांगत सुटले, इथे पाणी खोल, तिथे मरळ मासा मिळायचा. त्यांना "जरा सरका" म्हणायची माझी हिंमत झाली नाही. लच्छूने साखळी सोडली. तळाला पहिला हिसका बसला आणि माझी गाठ उलगडली. दोरी सर्रकन गेली. होडी सुटली ती तिरकी होऊन जुन्या बंधाऱ्याच्या दगडावर आदळली. मिलिंदचा ओठ फाटला, लच्छूचा गुडघा फुटला. काका पुढे कलंडले, डाव्या हाताने धरायला गेले, हाताने धरलं नाही, कपाळ फळीवर आपटलं.

तेलाचा डबा तरंगत होता म्हणून साखळी मिळाली. नाहीतर तीही गेली असती.

काठावर आल्यावर काकांनी कपाळाला पंचा दाबून धरला आणि विचारलं, "गाठ कोनी मारली?"

आठवा मुद्दा! मिलिंद ओठाचं रक्त पुसत होता. शेवटी मी म्हणालो, "मी. काका, तुमच्यासाठी..."

"मना ठावं हाय," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. चार शिव्या घालायला हव्या होत्या. ते फक्त म्हणाले, "नीट मार आता. मी बसतो आनि बगतो."

मी नीट मारली. त्यांनी डोळे मिटले, डावा हात ठेवला, ओढली. मग परत ओढली. तिसऱ्यांदा बोटं दोरीवरून घसरली आणि मांडीवर पडली. काका होडीतून उतरले. उतरताना आपली बसायची गोणपाटाची घडीही घेऊन गेले.

*

तेव्हापासून काका काठावर. रविवार चुकवत नाहीत. खुंट्याला दोरी बांधतात, उजव्या हाताने आणि दातांनी, आणि मग डाव्या हाताने सोडत बसतात. आम्ही जाताना ते ओढत असतात, येताना ओढत असतात. गाठ तशीच.

नवीन टॉवरमधली माणसं सकाळी तिथे फिरायला येतात. एका बाईंनी थांबून विचारलं, "आजोबा, फिजिओथेरपी का?"

काका म्हणाले, "नाय, परीक्षा हाय."

"अय्या! कसली?"

"नापास झाल्याली."

बाईंना काही कळेना. बेस्ट ऑफ लक म्हणाल्या आणि गेल्या. हा किस्सा मी कंपनीत सांगतो, लोक हसतात. मी मात्र डब्याचं झाकण लावून उठतो.

लच्छू एकदा त्यांच्या पाया पडला. म्हणाला, "काका, नियम तुमचा, होडी तुमची. कोण विचारतो? बसा ना!" काका म्हणाले, "नामा विचारतो." लच्छूने परत तो विषय काढला नाही. आम्ही होडी नेतो, ती त्यांची आहे, आणि ते काठावरून बघतात. सगळ्यात वाईट काय, तर परत आल्यावर आम्ही किती मासे आणले हे त्यांनी कधीच विचारलं नाही. फक्त आम्ही तिघं आहोत ना, ते मोजायचे.

*

आता शेवटचा. गणपती होऊन गेले होते. वरच्या बाजूला रात्री पाऊस झालेला, पाणी चढलं होतं, रंग चहासारखा. जायला नको होतं. काका म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे." मिलिंदने चेकलिस्ट काढली, सात मुद्दे तपासले, सगळे बरोबर. मी म्हणालो, "इथेच काठाकाठाने जातो काका, तुमच्या नजरेसमोर." गाठ मी मारली. नीट. तिघांनी सोडून दाखवली, परत मी मारली.

काठापासून तीसेक हात गेलो नसू. साखळी अडकली.

टॉवर बांधणाऱ्यांनी कुठूनतरी तोडफोडीचा माल आणून नदीत टाकलेला असतो, सिमेंटचे ठोकळे, बाहेर आलेल्या सळया. त्याला काय ट्यूब करणार? सळई रबरात घुसून कडीत बसली असणार. होडीला हिसका बसला, लच्छू गुडघ्यावर पडला, आणि मागची बाजू खाली जायला लागली. पाणी माझ्या मांडीवरून आत आलं. थंडगार.

गाठ माझ्यासमोर. दोरी ताणून काठीसारखी झालेली. मोकळं टोक हाताशी होतं, मी पाण्याकडे बघत होतो. मग लच्छूकडे बघितलं. त्याला पोहता येत नाही. तो ओरडत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. मी ओढत होतो आणि काय ओढत होतो मला ठाऊक नाही. जाळ्याची दोरी ओढत होतो, असं मिलिंद नंतर म्हणाला.

काठावरून आवाज आला. काकांचा. एवढा आवाज त्यांच्यात उरला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"पक्याऽऽ! डोले मिट!"

मी मिटले.

डावा हात आपोआप गेला. इतके रविवार तो तिथेच तर जात होता. टोक सापडलं. एक ओढ. होडी उसळली आणि मोकळी झाली.

पुढे कुठेतरी झुडपाला लागलो, होडी बांधली आणि पाणी उपसलं. लच्छू चिखलात बसून मुलीला फोन लावायला बघत होता, मोबाईल भिजून बंद झालेला. मग आम्ही तिघं काठाने चालत परत आलो. काका उभे होते. कधी नव्हे ते उभे. आम्हाला लांबूनच त्यांनी मोजलं, एक, दोन, तीन. मग खाली बसले.

जवळ गेलो तेव्हा मला दिसलं. खुंट्याची दोरी मोकळी पडली होती. तिचं टोक काकांच्या डाव्या मुठीत होतं. मूठ घट्ट वळलेली.

"काका!" मी ओरडलो. "सुटली!"

काकांनी खाली बघितलं. खुंट्याकडे, मग मुठीकडे. त्यांनाही तेव्हाच कळलं असावं.

लच्छू रडायलाच लागला. "पास! काका पास! आता होडीत! आता कोण बोलतो बघू!" मी त्यांचा हात धरला. मला इतका आनंद झाला होता की सांगता येत नाही. मागची फळी रिकामी राहणार नव्हती.

मिलिंदच्या फाटक्या ओठाची खूण अजून आहे. त्याच ओठांनी, भिजलेला, थरथरत, आपल्या सवयीने, त्याने विचारलं, "काका, डोळे मिटले होते ना?"

मला त्याला नदीत ढकलावंसं वाटलं.

काकांनी दोरीचं टोक मुठीतून काढून घेतलं. मग म्हणाले, "नाय रे. उगडे व्हते. तुमच्याकडं बगत व्हतो."

आणि उजव्या हाताने, दात लावून, त्यांनी खुंट्याची गाठ परत मारायला घेतली.